डावी बाजू

आधी काकडी आली. मग मोड आलेलं काहीतरी, मग पालक, मग लालभडक कोबी, मग मुळ्याचे पांढरे चौकोनी तुकडे. वाट्या अशा की अंगठा बुडवला तर भरून जातील. पोरगा एकेक वाटी टेबलावर ठेवत गेला आणि आम्ही चौघी एकमेकींकडे बघत बसलो. शेवटी महालवालीला राहवलं नाही.

"भाऊ, हे आम्ही नाही मागवलं हं."

एकदा एका हॉटेलात न मागता समोर आलेला कांदा-लिंबू बिलात निघाला होता. तेव्हापासून न मागवलेलं काहीही दिसलं की तिला धडकी भरते.

"मॅडम, ये तो साथ में आता है," पोरगा म्हणाला. "खतम हुआ तो और मिलेगा."

"फुकट?"

"फुकट."

चार बायकांचे चेहरे एकदम उजळले. नवतप्याचा दुसरा दिवस होता. तोंडाला दुपट्टे गुंडाळून सुसाट जाणाऱ्या स्कुटीवाल्या पोरी सोडल्या तर धरमपेठेचा रस्ता ओस पडला होता. खरं सांगायचं तर आम्ही आलो होतो एसीसाठी. कोरियन वगैरे ठरवलं ते प्रतापनगरवालीच्या मुलीनं. ती पुण्याला असते, रात्र रात्र कोरियन मालिका बघते आणि सकाळी आईला फोनवर "अप्पा", "ओम्मा" म्हणून पिडते.

महालवाली, प्रतापनगरवाली, सदरवाली ही नावं कॉलेजातली. वर्गात एकाच नावाच्या तिघी होत्या, म्हणून मोहल्ल्यावरून ओळखायची पद्धत पडली आणि राहिली. महालवाली लग्नानंतर मनीषनगरला गेली, तिथं तिचा मुलगा इंजिनियर झाला, तरी ती महालवालीच.

तर मुलीनं फोनवर समजावून सांगितलं की या वाट्यांना बान्चान म्हणतात. त्या मधोमध ठेवायच्या, सगळ्यांनी मिळून खायच्या, संपल्या की खुशाल पुन्हा मागायच्या. मुख्य जेवण वेगळं.

"म्हणजे डावी बाजू," मी म्हणाले.

बाकीच्या तिघींनी माना हलवल्या आणि पालकावर तुटून पडल्या. मी मात्र तिथंच अडकले.

मी डाव्या बाजूची बाई आहे. पुरणपोळी, बासुंदी, भरली वांगी यांच्याशी माझं भांडण नाही, पण ताट समोर आलं की माझी नजर आधी डावीकडे जाते. लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. कोशिंबिरीला फोडणी आहे की नाही यावरून मी त्या घराबद्दल मत बनवते आणि ते सहसा बदलत नाही. लग्नाच्या बुफेत तर माझी पार पंचाईत होते. त्या ताटाला डावी बाजूच नसते. गुलाबजामचा पाक वाहत लोणच्यात शिरतो आणि लोकांना त्याचं काही वाटत नाही.

हे खूळ उमरेडचं. आजीकडे महालक्ष्म्या असायच्या. दोन दिवस आधीपासून घर पाहुण्यांनी भरलेलं, अंगणात पळसाच्या पत्रावळींचा ढीग, स्वयंपाकघरात सोळा भाज्यांची एक भाजी, आंबील, कढी. आम्हा पोरासोरांना त्या दिवशी कुठंच थारा नसायचा. पंगत बसली की मात्र आजी हाक मारायची. सातव्या वर्षी तिनं माझ्या हातात मिठाची वाटी दिली. मीठ आधी वाढायचं, सगळ्यांच्या आधी. तीन बोटांची चिमूट, पानाच्या वरच्या टोकाला मधोमध. ओल्या पत्रावळीवर पडलं की मीठ लगेच पाणी धरायचं. म्हणून आजीनं पान कोरडं कुठं आहे ते बघायला शिकवलं होतं. मी प्रत्येक पानापुढे ओणवी होऊन कोरडी जागा शोधायची आणि मागून लिंबं घेऊन येणारा मामेभाऊ मला ढोसायचा, "चल ना बे, पुढं सरक!"

पुढच्या वर्षी लिंबू मिळालं, मग चटणी. लोणचं हातात यायला दहावं वर्ष उजाडलं. उजवीकडचं वाढण्याएवढी मी मोठी झाले तोवर आजीच्या घरची पंगत मोडून बुफे आला होता.

आजी म्हणायची, डावीकडचं दुसऱ्यांदा विचारायला जात जा. जिलबी माणूस मागून घेतो, चटणी मागायला लाजतो.

हे मला त्या दुपारी आठवलं, कारण पोरगा खरंच विचारायला आला. एकदा नाही, तीनदा आला. महालवालीनं तोवर कोबीच्या दोन वाट्या एकटीनं संपवल्या होत्या आणि तिसरीला हात घालताना तिला सुचलं, "काय हो, यात तसलं काही नाही ना?" आता कोरियात किमचीत, म्हणजे या आंबवलेल्या कोबीत, मासळीचा खारवलेला रस घालतात हे मला ठाऊक होतं, पण मी गप्प बसले. मैत्री टिकवायची तर काही गोष्टी दुसऱ्यांना सांगू द्याव्यात. पोरगा म्हणाला, "यहाँ बिना फिशवाला बनाते है, मॅडम." तिनं डोळे मिटून हात जोडले. नक्की कोणाला, कळलं नाही.

जेवण आलं. मेनूवर तांदळाच्या लाल वळकट्यांपुढे, म्हणजे तॉकबोक्कीपुढे, तीन मिरच्या छापल्या होत्या आणि पोरग्यानं गंभीर चेहऱ्यानं तसं बजावलंही होतं. सदरवालीनं एक वळकटी तोंडात टाकली, चावली, आणखी चावली. "गोड आहे बे हे!" बिचाऱ्याचा चेहरा पडला. त्याची चूक नव्हती. त्यांच्या त्या लाल वाटणात, गोचुजांगमध्ये, मिरचीबरोबर आंबवलेला सोयाबीन असतो आणि चिकट तांदूळही असतो. गोडवा येतो तो तिथून. सावजीच्या तर्रीनं ज्यांच्या कानातून धूर काढलाय आणि ज्यांच्या घरी भिवापुरी मिरची वर्षाची भरतात, त्यांना तीन मिरच्यांची भीती घालणं म्हणजे जरा जास्तच झालं. तरी मला एक गंमत वाटते. मिरची ना त्यांची, ना आपली. अमेरिकेतून आली, आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर उतरली, कोरियात सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोचली असं मानतात. आणि आता दोघंही तिच्यावरून छाती फुगवतात.

चॉपस्टिक्स स्टीलच्या होत्या, चपट्या आणि गुळगुळीत. स्टील बघून महालवालीला आपलेपणा वाटला, तो पहिल्या घासापर्यंत टिकला. मुळ्याचा तुकडा तीनदा उडाला, एकदा सदरवालीच्या पर्समध्ये. मग कळलं की कोरियन लोक भात चमच्यानंच खातात. हे आधी सांगायला काय झालं होतं? भातही झाकणाच्या स्टीलच्या वाटीतून येतो. सत्तरच्या दशकात तांदूळ वाचवायला तिथल्या सरकारनं हॉटेलातल्या या वाटीचं माप ठरवून दिलं होतं. आमच्या आईनं तर कुठल्याही सरकारला न विचारता ठरवलं होतं.

मी दगडी भांड्यातला बिबिमबाप, म्हणजे वर भाज्या रचलेला भात, मागवला होता. वरचं सगळं कालवून खाल्लं की तळाशी भाताची खरपुडी लागते. ती खरवडताना चमच्याचा जो आवाज झाला, तो ऐकून चौघींचे चार चमचे एकाच भांड्यात आले. उष्टं, खरकटं, सगळं विसरून. कॉलेजात एका डब्यात चौघी जेवायचो तशा. मधल्या तीस वर्षांत आम्ही कधी "माझं वेगळं मागवते" म्हणायला लागलो, आठवत नाही. डायबिटीस आला तेव्हापासून असावं.

थंडी पडायच्या आधी कोरियात गल्लीतल्या बायका एकत्र जमून घराघराची किमची घालतात, मग ती हिवाळाभर पुरवतात. त्याला किमजांग म्हणतात. २०१३ साली युनेस्कोनं हा प्रकार मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतला. उमरेडच्या गच्चीवर एप्रिलात दहा-बारा बायका उडदाचे पापड लाटायच्या, आम्ही तेलात बुडवलेल्या लाट्या पळवायचो आणि दिवसभर कावळे हाकायचो. तिथं कोणी आलं नाही.

तेवढ्यात पोरगा कात्री घेऊन आला. खरोखरची कात्री. नूडल्स लांब आहेत म्हणाला आणि भांड्यातच कचाकच कापल्या. कापून झाल्यावर सवयीनं त्यानं कात्री दोनदा रिकामीच वाजवली. महालवाली दचकली. रिकामी कात्री वाजवली की भांडण होतं, हे तिला तिच्या सासूनं सांगितलेलं आणि सासूच्या बाबतीत ते रोज खरंही ठरलेलं.

भांडण झालंच. बिलावरून. मी देते, मी देते, तू मागच्या वेळी दिलं होतंस, अगं पर्स ठेव, तुला माझी शपथ. प्रतापनगरवालीनं फोन लावून लेकीला पंच केलं. लेक म्हणाली, तिकडे बहुतेक वेळा वयानं मोठा असतो तो देतो. एकदम शांतता. चौघींपैकी एकीलाही मोठं व्हायचं नव्हतं. त्यावर तिनं आणखी सांगितलं की कोरियात पूर्वी मूल जन्मालाच एक वर्षाचं धरायचे आणि एक जानेवारीला सगळ्यांचं वय एकदम वाढायचं. २०२३च्या जूनमध्ये कायदा बदलला आणि सगळा देश एका रात्रीत वर्षा-दोन वर्षांनी तरुण झाला. "असा कायदा आपल्याकडे काऊन नाही करत?" सदरवालीनं फार कळकळीनं विचारलं. शेवटी चौघींनी आपापल्या फोनवरून चौथा-चौथा हिस्सा भरला आणि चौघीही थोड्या नाराज झाल्या.

पोरगा वाट्या उचलायला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी अख्खं जेवणभर काहीतरी शोधत होते. डाव्या बाजूचं सगळं टेबलावर होतं, मीठ तेवढं नव्हतं. गरजही नव्हती म्हणा, सगळंच खारवलेलं. पण बोटांना सवय असते.

शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी आजीचं मीठ तोडलं. मिठाबरोबर लोणचं गेलं, पापड गेला, चटणी गेली. अळणी वरण आणि भात, ताटाची डावी बाजू कोरी. मी तेव्हा नोकरीला लागले होते, शनिवारी एसटीनं उमरेडला जायची. आजी जेवायला बसली की हात आवरून नुसती बघत राहायची. एकदा म्हणाली, "अगं, आधी मीठ वाढ ना."

मग दर शनिवारी मी स्वयंपाकघरातून मिठाची रिकामी वाटी आणायची, तिच्यात तीन बोटं घालायची आणि ताटाची कोरडी जागा बघून चिमूट सोडायची. आजी हात आडवा धरायची. "पुरे, पुरे. खारट होईल."