घरच्या घरी इंजेक्शन मोल्डिंग मशीन
झालं एकदाचं मशीन, वितळलेलं प्लास्टिक मोल्डमध्ये म्हणजे साच्यात दाबून वस्तू बनवणारं. वर लांब दांडा, खाली जाड स्टीलचा पाइप, त्याला पट्ट्यासारखे गुंडाळलेले दोन बँड हीटर आणि तापमान आपोआप स्थिर ठेवणारा पीआयडी कंट्रोलर, बस. पॉलीप्रॉपिलीन हे प्लास्टिक १६० डिग्रीच्या आसपास वितळतं खरं पण तेवढ्यावर दांडा ओढला तर ढिम्म हलेना, २२० ला नेलं तेव्हा कुठे नोझलमधून मधासारखी तार सुटली. पहिला पीस अर्धवटच, एक कोपरा भरलाच नाही, कारण मोल्डमधल्या हवेला जायला वाटच नव्हती, मग पार्टिंग लाइनवर, म्हणजे मोल्डचे दोन भाग जुळतात तिथे, कानशीने केसाएवढी खाच मारली आणि काम फत्ते! हां, पीव्हीसी मात्र चुकूनही टाकू नका, जास्त तापलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. आता पीस गार होताना दीडेक टक्का आकसतोय, झाकण बसतच नाहीये, म्हणून मोल्ड परत घासायला घेतलाय.