देव पाण्यात

पाऊस लागला की पंपवाल्याची सुट्टी, असं लोकांना वाटतं. आमच्या गोव्यातल्या बार्देशात उलट आहे. मे महिन्यात येणारे फोन "विहिरीत पाणीच नाही" असे असतात, त्याला मी काय करणार? खरी कामं मृग लागल्यावर. पालापाचोळा, चिखल, बेडूक, सगळं विहिरीत उतरतं आणि फूटव्हॉल्व्हला, म्हणजे पाइपाच्या तळाच्या झडपेला, जाऊन चिकटतं. त्यात २४ जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण. डोक्यावर फुलांचं कोपेल घालून जावईमंडळी विहिरीत उड्या घेतात आणि दर वर्षी एक तरी जावई माझ्या पाइपावर उतरतो. शहाणी घरं आधी बोलावून पाइप वर घ्यायला लावतात, बाकीची नंतर बोलावतात. दोन्हीकडून माझं भागतं.

त्या वर्षी १२ जूनला सकाळी सातला फोन वाजला. शिवोलीची आंटी. वय ऐंशीच्या पुढे, आवाज मात्र मासळी बाजारात शोभेल असा. "पंप घुंवता, उदक ना. फाल्यां म्हज्या घरा लादाइन. तूं आतां ये."

मी पेडण्यातल्या चोपड्याचा. पूल ओलांडला की शिवोली. आमच्याकडे पेपर मराठी, कीर्तन मराठी आणि भांडण कोंकणीत, त्यामुळे आंटीचं म्हणणं मला पुरतं कळतं. १३ जून म्हणजे सांत आंतोनीचा, सेंट अँथनीचा, दिवस. शिवोलीचं चर्चच त्याचं, शिवाय आंटीच्या घरी त्या संध्याकाळी लादाइन असते. शेजारीपाजारी जमतात, आल्तारापुढे, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यापुढे, मेणबत्त्या लावून गातात आणि मग उकडलेले चणे वाटतात. पन्नास माणसांचे चणे पाण्याशिवाय उकडत नाहीत. रेनकोट चढवला आणि निघालो.

जुनं घर, बल्कांवाची, म्हणजे पुढच्या ओसरीची, कौलं हिरवी पडलेली, खिडक्यांना अजून शिंपल्यांच्या चकत्या. विहीर मागे, चिऱ्यांनी बांधलेली, शेजारी टपरीत एक एचपीचा मोनोब्लॉक. चालू करून बघितला. मोटर मस्त फिरत होती, नळाला मात्र नुसता वारा. प्रायमिंगचं बूच काढून तांब्याभर पाणी ओतलं, घट् करून गेलं. दुसरा तांब्या, तोही गेला. म्हणजे मोटरीचा दोष नाही. खाली फूटव्हॉल्व्हची झडप उघडी राहिलीय, तिच्यात काहीतरी अडकलंय. पाइप वर घेण्यावाचून इलाज नव्हता.

राटाच्या खांबाला बांधलेली एक दोरी विहिरीत गेली होती. कळशी असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. शेजारचा पोरगा मदतीला घेतला आणि होजला हात घातला, तोच आंटी मागून म्हणाली, "मातसो जपून ओड हां, पुता. भितर सायब आसा."

मी हात सोडला आणि दोन पावलं मागे आलो. आमच्या बाजूला सापाचं नाव घेत नाहीत, जनावर म्हणतात. पावसात विहिरीच्या भोकांत ते असतंच. म्हटलं, म्हातारी मानाने बोलतेय.

"मोठा आहे?" मी विचारलं.

"ना रे. इतलोसोच." तिने वीतभर अंतर दाखवलं.

"मग पिल्लू असेल."

आंटीने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच पाण्यातून वर आलो होतो. "सांत आंतोन पिल्लू?"

मग सगळी हकीकत कळली. सायब म्हणजे तिच्या आल्तारावरची सांत आंतोनीची मूर्ती. सासूच्या कपाटाची किल्ली हरवली होती. आल्तारावर घालायचा क्रोशाचा कपडा त्या कपाटात, आणि तो दर वर्षी लादाइनीलाच बाहेर निघतो. हरवलेली वस्तू शोधून देणं हे सांत आंतोनीचं खातं, हे आमच्याकडच्या हिंदूंनाही माहीत आहे. आंटीने अर्ज रीतसर केला होता. आधी मेणबत्ती लावली. काही झालं नाही. मग चर्चच्या पेटीत वीस रुपये घातले. मग त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. तरी ढिम्म. तेव्हा त्याच्या हातावरचा बाळ येशू उचलून लपवून ठेवला, किल्ली दे आणि बाळ ने. आमच्या मामलेदार कचेरीतसुद्धा नोटिशीवरून जप्तीपर्यंत पोचायला याहून वेळ लागतो. शेवटी शनिवारी रात्री दोरीला बांधून त्याला विहिरीत सोडला. पांय वयर, तकली सकल.

"संताला उलटं टांगायचं?" मी म्हटलं.

"म्हजो सायब तो," आंटी म्हणाली. "लोकांच्या सायबाक हांव हात लायना."

तिला हसायचा अधिकार मला नव्हता. माझ्या आयटीआयच्या निकालाच्या वेळी आमच्या आईने देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलून पाण्याने भरलेल्या ताम्हनात ठेवला होता. एक रात्र आणि अर्धा दिवस. आपण मराठीत "देव पाण्यात घालून बसलेत" असं निवडणुकीला उभ्या असलेल्यांबद्दल सहज म्हणतो, पण मी ते खरोखर बघितलंय. मी पास झालो तेव्हा आईने त्याला पुसताना "गारठलास रे बाबा" म्हटलं होतं. हीच आई मिलाग्रीसच्या फेस्ताला म्हापशाच्या चर्चात सायबिणीकडे, म्हणजे मेरीमातेकडे, तेल घेऊन जाते, कारण ती आमच्या लईराई देवीची बहीण. अशा घरातल्या माणसाने आंटीला काय शिकवावं?

आणि सांत आंतोनला शिस्तीचं वावडं नसावं. जन्म लिस्बनचा, मरण इटलीत पादुआजवळ, १२३१ साली, याच १३ जूनला. पण मेल्यावरही सुटका नाही. जुन्या गोव्यात त्याच्या मूर्तीला पोर्तुगीज लष्करात कप्तानाचा हुद्दा होता, पगारासकट. शिवोलीच्या चर्चमधल्या मूर्तीच्या हातात दोरी आहे आणि दोरीला साप. चर्च बांधताना साप कामगारांना छळत होता, त्याला यानेच धरला अशी कथा सांगतात. म्हणजे दोरी आणि जनावर, दोन्ही त्याच्या ओळखीची. माझा गैरसमज अगदीच हवेतला नव्हता.

होज ओढायला लागलो. शेवाळाने बुळबुळीत झालेला काळा होज, हातातून सटकत होता, वरून पाऊस. शेवटचं टोक पाण्याबाहेर आलं आणि त्याच्यासोबत सायबही वर आला. वीतभर, काळपट लाकडाचा, झग्याचा तपकिरी रंग पोपडे धरून सुटलेला, डावा हात बाळ धरल्यासारखा वाकलेला आणि रिकामा. नाकाच्या टोकाला शेवाळाचा एक थेंब. चेहऱ्यावर मात्र तक्रार नाही. पाच दिवस उलटं टांगल्यावर माझा चेहरा तसा राहिला नसता.

पायांना निळी नायलॉनची दोरी बांधली होती. तिचं एक टोक राटाच्या दोरीला आणि उरलेलं, दोन हात लांब, डोक्याखाली लोंबत सुटलेलं. शनिवारी विहिरीत गुडघाभरच पाणी होतं, त्यामुळे ते टोक थेट फूटव्हॉल्व्हपाशी पोचलं आणि सक्शनने कधीतरी आत ओढलं गेलं. माझ्या गाळणीच्या दोन पट्ट्या आधीच मोडलेल्या होत्या, ते मान्य करतो. मागच्या जूनच्या जावयाचं काम. मी पान्ह्याने गाळणी फिरवून काढली. झडपेचं रबर एका बाजूने उचललेलं, खाली दोरीची गाठ, आणि गाठीत पितळेची छोटी किल्ली.

मी काहीच बोललो नाही. तळहातावर ठेवून पुढे केली.

आंटीने ती झग्याला पुसली, डोळ्याला जवळजवळ टेकवून बघितली आणि कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून खुरीस केला. "देव बरें करूं. मेळयली मरे ताणें!"

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण बावीस वर्षं पंप खोलतोय, दोष सापडला की तो समजावून सांगायची खोड आहे.

"आंटी, किल्ली या दोरीलाच बांधलेली होती."

"हय. सांडूं नये म्हूण सासुमांयन बांदिल्ली."

"आणि याच दोरीने तुम्ही सायबाला बांधलंत. रात्री, अंधारात. म्हणजे किल्ली तुम्हीच विहिरीत सोडलीत."

ती क्षणभर थांबली. मला वाटलं, पटलं.

"म्हणजे पाच दिवस बिचारो ती सांभाळून बसला होता," ती म्हणाली.

"सांभाळून कसला? दोरी सक्शनने आत गेली."

"पंप कोणी बंद पाडला?"

"झडपेखाली गाठ आली म्हणून..."

"पंप बंद पडला नसता तर तूं आयिल्लो?"

"नाही."

"विहिरीत दुसरं कोण उतरलं असतं?"

"कोणी नाही."

"मग?"

सक्शन म्हणजे काय हे मी पंचायतीच्या सभेतसुद्धा समजावून दिलंय. तिथे मात्र माझ्याकडे पुढचा मुद्दा नव्हता. शेजारचा पोरगा होज धरून हसत उभा.

आंटी तोवर सायबाला टॉवेलने पुसायला लागली होती, कानामागे, मानेखाली, लहान पोराला पुसतात तसं. पुसता पुसता त्याला झापत होती, तोंड होतं ना, सांगता येत नव्हतं?

"आंटी, तोंड पाण्यात होतं," मी म्हटलं.

त्यावर ती इतकी हसली की तिला विहिरीच्या कठड्यावर बसावं लागलं. सायब मांडीवर.

नवी गाळणी, रबर, मजुरी मिळून सहाशे झाले. तिने मोजून पाचशे दिले. शंभर सांत आंतोनीच्या पावाचे, म्हणजे गरिबांसाठी त्याच्या नावाने देतात ते. "अर्दें काम ताणें केलां," ती म्हणाली. हिशेबाने तीनशे कापायला हवे होते, म्हणून मी वाद घातला नाही.

पाणी आलं. चणे भिजत पडले. कपाट उघडलं तसा डांबरगोळ्यांचा भपकारा आला आणि आत घडी घातलेला पांढरा कपडा. मी मुद्दाम थांबलो होतो, बघायला. तिने आल्तारावर तो पसरला, सुरकुत्या हाताने मोडल्या, मधोमध सायबाला उभा केला, आज सरळ. मग दोघांनीही त्याच्या वाकलेल्या रिकाम्या हाताकडे बघितलं.

"बाळ?" मी विचारलं.

आंटी साखरेच्या डब्याकडे गेली. मग तांदळाच्या. मग उशीखाली, शिवणाच्या मशीनच्या खणात, औषधांच्या पिशवीत. दहा मिनिटांनी परत आली, हात कमरेवर. आधी सायबाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी ती निळी दोरी गुंडाळून हत्यारांच्या पिशवीत टाकत होतो.

"पुता," ती म्हणाली, "ती दोरी हांगाच दवर."