अकरा वेळा शाइन

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही असा ग्रुपवर मेसेज आला तेव्हाच ठरवलं, गॅदरिंग, सहल, खो-खोची टीम यावर बाकीचे लिहितीलच, आपण इंग्रजीच्या बाईंवर लिहायचं. आणि खरं सांगायचं तर बाईंवर पण नाही, त्यांनी नववीत आम्हाला दिलेल्या पंधरा-एक क्रियापदांवर.

झालं असं की त्रिपुरी पौर्णिमेला गोदाघाटावर दिवे लागतात त्यावर बाईंनी इंग्रजीत निबंध लिहायला सांगितला होता. मी दोन पानं लिहिली. दिवे शाइन, पाणी शाइन, देवळातली घंटा शाइन, आकाशातल्या चांदण्या पण शाइन. वही परत आली तर अकरा ठिकाणी लाल गोल आणि खाली मार्कच नाहीत, मराठीत एक ओळ फक्त: "घंटा आणि पाणी सारखंच चमकतं का रे?"

पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाई आम्हा पंधरावीस जणांना घेऊन चालत तांबट आळीत गेल्या. आम्ही सगळे जुन्या नाशकातलेच, ती ठकठक लहानपणापासून ऐकलेली, पण थांबून बघितलं असं कधी नव्हतं. एका दुकानात दोन हंडे शेजारी शेजारी होते, एक गुळगुळीत पॉलिश केलेला आणि दुसऱ्यावर मठारकाम, म्हणजे हातोडीचे बारीक ठोके सगळीकडून. बाई म्हणाल्या आता बघा, गुळगुळीत हंड्यावर उजेडाचा एकच सलग पट्टा आहे, हलत नाही, मऊ आहे, हे ग्लीम. मठारलेल्या हंड्यावर प्रत्येक ठोक्याचा स्वतःचा ठिपका, आपण एक पाऊल सरकलो की सगळे ठिपके जागा बदलतात, हे ग्लिटर. तेवढ्यात समोरच्या काकांनी हातोडी उचलली, तिच्या कडेवर ऊन क्षणभर लागलं आणि गेलं. ग्लिंट! भट्टीतले निखारे ग्लो, कारण ज्वाळा नाही, आतूनच लाल उजेड. आणि चिंचेनं घासून नुकतं धुतलेलं पातेलं ओलं असेपर्यंत ग्लिसन, म्हणून ओले डोळे किंवा घामानं भिजलेलं कपाळ असेल तर हाच शब्द शोभतो.

नंतर रामकुंडावर गेलो. दुपारचं ऊन पाण्यावर थरथरत होतं, त्याला शिमर. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा हलताना दिसते तिला पण शिमरच.

बाईंचे तीनच प्रश्न असायचे आणि ते मला आजही तोंडपाठ आहेत: उजेड स्वतःचा आहे की दुसऱ्याचा, वस्तू ओली की कोरडी, आणि उजेड स्थिर आहे की हलतोय. शब्द नंतर. आधी बघायचं.

सोमवारी फळ्यावर त्यांनी जे दाखवलं ते मला कुठल्याही गाइडमध्ये मिळालं नसतं. ग्लिटर, ग्लिमर, शिमर, फ्लिकर यांच्या शेवटी अर आहे, स्पार्कल, ट्विंकलच्या शेवटी ल आहे, म्हणजे एकच बारीक क्रिया परत परत होतेय. स्पार्क म्हणजे एक ठिणगी, स्पार्कल म्हणजे ठिणग्यांवर ठिणग्या. आणि मग खडू आमच्याकडे करून म्हणाल्या, आपण काय करतो? आपण शब्द दुमडतो. चमचम, लुकलुक, लखलख, झगमग. एकदाच झालं तर लख्खकन, म्हणजे फ्लॅश. वर्गात एकदम गलका झाला, जो तो आपापला शब्द ओरडून सांगत होता, मिणमिण कोणाचा, चकचक कोणाचा. इंग्रजी आपल्यासाठी नाहीच असं वाटणारी आम्ही मराठी मीडियमची पोरं, आणि त्या दिवशी कळलं की निम्मं काम आपल्या भाषेनं आधीच करून ठेवलंय.

ट्विंकल हा शब्द जुन्या इंग्रजीत डोळे मिचकावण्याशी जोडलेला होता, आपल्याकडे पण बाळाचे डोळे लुकलुकतात आणि तारेही. फ्लिकर म्हणजे मुळात पंख फडफडवणं, आणि विझायला आलेली वात आपण फडफडतेय असंच म्हणतो ना! शुक्राला मात्र ट्विंकल लिहायचं नाही अशी ताकीद होती. तारा इतका लांब की नुसता ठिपका, हवेच्या थरांतून येताना त्याचा उजेड वाकडातिकडा होतो म्हणून लुकलुकतो, ग्रह जवळ असल्यानं त्याची छोटी का होईना चकती असते म्हणून तो जवळजवळ स्थिर दिसतो. इंग्रजीच्या तासाला एवढं भूगोल-विज्ञान आम्ही आनंदानं शिकलो.

आता मी येवल्याच्या पैठणीवाल्यांसाठी इंग्रजी कॅटलॉग लिहून देतो, शिवाय दागिन्यांची आणि तांब्यापितळेची पण कामं येतात. पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाँव येते, साडी हलवली की रंग बदलतो, तिथे मी शिमरशिवाय दुसरं काही लिहीत नाही. सोन्याच्या पाटल्यांना ग्लीम, हिऱ्याला स्पार्कल. ग्लिटर मी सोन्याला कधीच लावत नाही, त्या शब्दाला भपक्याचा वास आहे, चमकणारं सगळं सोनं नसतं या इंग्रजी म्हणीत तोच तर बसलाय. कस्टमरला फरक कळो न कळो, मला कळतो, आणि चुकीचा शब्द गेला तर रात्री झोप लागत नाही.

गेल्या महिन्यात पितळी समईच्या फोटोखाली ओळ लिहायची होती. मनात मराठी तयार होतं, समई तेवतेय. पण तेवणं इंग्रजीत कसं आणायचं? ग्लो म्हटलं तर ज्योत जाते, फ्लिकर म्हटलं तर शांतपणा जातो, बर्न म्हटलं तर देवघरच जातं. दोन दिवस अडलो आणि शेवटी बाईंना फोन केला. इतक्या वर्षांनी. नाव सांगितल्यावर त्यांनी लगेच ओळखलं, तब्येत वगैरे विचारून झाल्यावर मी अडचण सांगितली. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तेवणं त्यांच्याकडे एका शब्दात नाही रे, दोन-तीन शब्द घ्यावे लागतील. पण आधी मला सांग, फोटोत ज्योत सरळ आहे की वाऱ्यानं कललीय?"

मी फोन कानाला तसाच धरून फोटो परत उघडला.