चाळीस सेंटिमीटर वाळू

देवदिवाळीचा दुसरा दिवस. वेंगुर्ल्याच्या बंदरावर पहाटे साडेपाचला आम्ही चौघं, एक फायबरची होडी, तिचे तांडेल आणि दोन बॅटऱ्या. काम साधं होतं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा किती वर आलाय ते मोजायचं आणि नकाशा काढून द्यायचा. त्या नकाशावरून गाळ किती उपसायचा ते ठरणार होतं.

वेंगुर्लं हे महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाजवळचं बंदर. पाठीमागे सह्याद्री, पुढे दर्या, मध्ये जांभ्याच्या टेकड्या. पहाटे होडीतून मागे वळून पाहिलं की आंबोलीच्या बाजूचे डोंगर काळे दिसतात आणि सूर्य त्यांच्यावरून यायला बराच वेळ घेतो. १६३८ च्या सुमारास डचांची इथे वसाहत होती. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना शिधा-पाणी इथून मिळायचं. १८१२ मध्ये हे ठाणं सावंतवाडीकडून इंग्रजांकडे गेलं आणि बेळगावच्या छावणीचा माल इथे उतरून घाटावर चढू लागला. पुढे मुरगावपर्यंत रेल्वे आली आणि तो माल तिकडे वळला. एवढं सगळं होऊनही जहाज धक्क्याला लागावं असं पाणी इथे कधीच नव्हतं. आगबोटींच्या काळातही बोट बाहेर नांगर टाकायची आणि उतारू पडावातून किनाऱ्याला यायचे. उथळपणा इथला जुनाच आहे. तो नेमका किती, एवढंच आम्हाला सांगायचं होतं.

पाण्याची खोली मोजताना दोन आकडे लागतात. होडीखाली किती पाणी आहे ते इको साउंडर सांगतो; तो ध्वनीची लहर खाली सोडतो आणि ती तळावरून परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली काढतो. पण समुद्र सारखा वरखाली होत असतो, त्यामुळे त्या क्षणी भरती किती आहे ते वजा केल्याशिवाय पहिल्या आकड्याला अर्थ नाही. ही वजाबाकी चार्ट डेटमपासून करतात. सुकतीचं पाणी सहसा ज्याच्या खाली उतरत नाही अशी ती पातळी. भरती मोजायला लाकडी पट्टी लागते, तीन मीटर उंचीची, सेंटिमीटरच्या खुणा केलेली. ती खांबाला घट्ट बांधायची, जवळच्या बेंचमार्कपासून, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेपासून, लेव्हल मारून (दुर्बिणीच्या उपकरणाने उंचीतला फरक मोजून) तिचा शून्य डेटमला जोडायचा आणि दर दहा मिनिटांनी वाचन लिहायचं. लाट येते तेव्हा वरचा आणि खालचा आकडा बघून मधला घ्यायचा.

आमची पट्टी खाडीच्या आत, बंदराच्या बाजूला, झुलत्या पुलाच्या अलीकडे एका खांबाला बांधलेली होती. पाणी शांत, लाट नाही, बसायला सावली. पट्टीसाठी याहून चांगली जागा नाही असं तेव्हा वाटलं. चूक तिथेच झाली होती.

हवामान मात्र अगदी हवं तसं होतं. डिसेंबरच्या तोंडावर सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, पाणी आरशासारखं असतं. दुपारी वारा वायव्येला फिरला की दांड्यावर लाट फुटायला लागते आणि साउंडरच्या आलेखाची करवत होते. म्हणून महत्त्वाच्या ओळी, म्हणजे होडी सरळ रेषेत नेत खोली मोजायच्या चकरा, सकाळीच मारायच्या. अमावास्या नुकतीच झालेली, म्हणजे उधाण. भरतीची लाट आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेला सरकते, त्यामुळे इथलं पाणी मुंबईच्या आधी भरतं, आणि चढउतार मुंबईच्या मानाने बराच कमी. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढणाऱ्याने इथे आणखी पाऊणएक तास वजा करावा. आम्ही अर्थात सर्व्हे ऑफ इंडियाचं भरतीचं कोष्टक घेतलं होतं. सकाळची सुकती ६.४० ला, दुपारची भरती पाऊण वाजायच्या सुमाराला.

निघण्याआधी बार चेक केला. साखळीला बांधलेली लोखंडी थाळी ट्रान्सड्यूसरखाली, म्हणजे साउंडरच्या लहर सोडणाऱ्या भागाखाली, एक, दोन, तीन मीटरवर सोडायची आणि साउंडर तेवढंच दाखवतो का ते बघायचं. यंत्रात ध्वनीचा वेग १५०० मीटर प्रतिसेकंद हा ठोकळ आकडा भरलेला असतो, पण आपल्या कोमट खाऱ्या पाण्यात तो १५४० च्या आसपास असतो. बदलला नाही तर पाच मीटर पाण्यात तेरा सेंटिमीटरची फसगत होते. ट्रान्सड्यूसर पाण्याच्या रेषेखाली ३५ सेंटिमीटर होता, तोही आकडा भरला. होडीत माणसं बसल्यावर ती किती दबते ते पुन्हा मोजलं. हे बरेच जण विसरतात आणि धक्क्यावर रिकाम्या होडीचं मोजलेलंच वापरतात.

६.५० ते ८.१० दहा-दहा मीटरवर आडव्या ओळी मारल्या. दुपारी सव्वाबारा ते दीड त्याच ओळी पुन्हा, तपासणीसाठी. तोवर वाऱ्याने पाणी चुरचुरायला लागलं होतं, पण काम झालं. धक्क्यावर येऊन लॅपटॉपवर दोन्ही फेऱ्या एकमेकांवर ठेवल्या. सकाळचा दांडा दुपारच्यापेक्षा सुमारे ४० सेंटिमीटरपर्यंत उंच!

पाच तासांत वाळू एवढी हलत नाही. पावसात पुराचं पाणी खाडीचं तोंड धुऊन काढतं आणि दिवाळीनंतर लाटा ती वाळू परत आणून टाकतात, पण त्याला आठवडे लागतात. शिवाय बिनवाऱ्याच्या सकाळी ती जाणार कुठे?

अशा वेळी घाईने सरासरी काढणारे असतात. तसं करू नये. फरक कशाबरोबर बदलतो ते आधी बघावं. खोलीबरोबर वाढत असेल तर ध्वनीचा वेग चुकला. सगळीकडे सारखाच असेल तर ट्रान्सड्यूसरची बुडी किंवा पट्टीचा शून्य चुकला. फक्त उतारावर येत असेल तर जागा सरकली, म्हणजे जीपीएस बघायचा. ध्वनीचा वेग लगेच बाद झाला, कारण दीड मीटर पाण्यात तो फार तर चार सेंटिमीटर देईल. थाळी पुन्हा सोडली, बरोबर आली. तळाला चिखल असता तर वरची मऊ साय साउंडरच्या एका लहरीला तळ म्हणून लागते, दुसरीला लागत नाही, असाही घोळ होतो. म्हणून शिशाच्या वजनाच्या बुडाला साबण चोपडून ते खाली सोडलं. साबणाला स्वच्छ, कडक वाळू चिकटून आली. तांडेलांनी बांबू रोवून दाखवला, तोही ठक्क वाजला.

मग ओळी वेळेप्रमाणे लावल्या. पहिल्या ओळीत फरक ४२ सेंटिमीटर, साडेसातच्या सुमाराला तिशीच्या आत, शेवटच्या ओळीत २०. खोली काहीही असो, फरक घड्याळाबरोबर उतरत होता. घड्याळाबरोबर बदलणारी या सगळ्यात एकच गोष्ट, भरती.

तेव्हा सकाळचं तांडेलांचं वाक्य आठवलं. सव्वासातच्या सुमाराला होडी तोंडाशी उभी ठेवताना ते इंजिनाची गती वाढवत म्हणाले होते, "सायबानू, भरती लागान अर्दो तास झालो, पन खाडी अजून भायरच व्हावता." आम्ही ते होडी सांभाळण्याबद्दलचं बोलणं समजलो. मच्छीमाराला यात नवल नाही, कारण त्याला रोज त्या ओढीविरुद्ध आत शिरायचं असतं. आमच्यासाठी मात्र तो मोजमापाचा मुद्दा होता. पाणी बाहेर वाहतंय याचा अर्थ आतली पातळी बाहेरच्यापेक्षा वर आहे. दांडा हा खाडीचा उंबरठा. सुकतीला दर्या झपाट्याने खाली जातो, पण आतलं पाणी त्या उंबरठ्यावरून हळूहळूच निसटतं. त्यामुळे आतली सुकती उशिरा येते आणि पुरती उतरतही नाही. मोजली होती दांड्यावरची, म्हणजे दर्याच्या पाण्याची खोली. वजा केली होती खाडीची भरती. जास्त वजा केल्यावर दांडा कागदावर वर येणारच.

खात्रीसाठी दुसरी पट्टी हवी होती, दर्याच्या अंगाला. तीन वाजता ती बाहेरच्या जेटीच्या खांबाला बांधली. बेंचमार्कपासून आठ वेळा उपकरण मांडून लेव्हल नेली आणि परत आणली, जुळणीतला फरक सहा मिलिमीटर. दोन्ही पट्ट्यांवर एकेक माणूस बसवला, मोबाइलची घड्याळं जुळवली, आणि पाच वाजल्यापासून दर दहा मिनिटांनी वाचन सुरू केलं. सहानंतर बॅटरीच्या उजेडात. बाहेरची पट्टी सात वाजता ०.३५ वर थांबली आणि चढायला लागली. आतली तेव्हाही उतरतच होती. ती पावणेआठला ०.७१ वर थांबली. पाऊण तासाचा उशीर आणि मधली ३६ सेंटिमीटर.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोन्हीकडे वाचन ठेवलं आणि सगळ्या ओळी बाहेरच्या पट्टीवरून पुन्हा काढल्या. सुकतीच्या आणि भरतीच्या फेऱ्या सहा सेंटिमीटरच्या आत जुळल्या. भर भरतीला आत-बाहेर जवळजवळ एकच पाणी होतं, म्हणून आदल्या दुपारची फेरी बरोबर आली होती.

पण त्या दिवसाच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती मला पहिलीपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. अर्ध्या भरतीच्या वेळी, दहाच्या सुमाराला, चित्र उलटं होतं. दर्या भराभर चढत होता, खाडी मागे राहिली होती, आणि आतली पट्टी बाहेरच्यापेक्षा १४ सेंटिमीटर कमी दाखवत होती. त्या वेळची खोली आतल्या पट्टीवरून काढली असती तर दांडा कागदावर आहे त्याहून खोल दिसला असता. उथळ दाखवणारी चूक पैसे खाते. तीनशे मीटर लांब आणि साठ मीटर रुंद पट्ट्यावर ४० सेंटिमीटर म्हणजे ७,२०० घनमीटर, दहा घनमीटरचा एक डंपर धरला तर ७२० खेपा, त्याही नसलेल्या वाळूच्या. खोल दाखवणारी चूक मात्र कुणाचा तरी पंखा आणि सुकाणू मोडते. दोन्ही चुका एकाच पट्टीतून, तीन तासांच्या अंतराने.

म्हणून खाडीच्या तोंडाचं काम असेल तर पट्टी मोजायच्या जागेच्या अंगाला लावावी, मग तिथे लाट कितीही असो. लाटेचा त्रास कमी करायला पट्टीला दोन्ही टोकं उघडी असलेला पारदर्शक पाइप जोडून खालचं तोंड अर्ध्याहून जास्त बंद करायचं. पाणी आत हळू शिरतं आणि वाचन स्थिर येतं. पाइपात शेवाळ आणि शिंपले बसतात, आठवड्यात एकदा ब्रश मारावा लागतो. खांब जेटीचाच घ्यावा, वाळूत रोवलेला बांबू उधाणाला दोनचार सेंटिमीटर खचतो आणि कळतही नाही. झुलत्या पुलाच्या पलीकडे पट्टी नेण्याचा मोह मात्र टाळावा. चालत्या माणसांनी डुलणाऱ्या पुलावर लेव्हल उभी करायची नसते, आणि वळसा घालून नेली तर मांडण्या दुप्पट होतात.

तिसऱ्या रात्री कुणाचं तरी जाळं बाहेरच्या पट्टीत अडकलं. सकाळी पट्टी तिरकी दिसली. सरळ करून बांधली, पुन्हा आठ वेळा उपकरण मांडलं. शून्य दोन सेंटिमीटर खाली गेला होता. जाळं कधी अडकलं ते सांगता येत नव्हतं, म्हणून आदल्या संध्याकाळच्या शेवटच्या खात्रीशीर वाचनापासून सकाळपर्यंतचे सगळे आकडे वहीत एका रेघेने खोडले, बाजूला कारण लिहिलं, आणि तेवढ्या ओळी मारायला तांडेलांना पुन्हा साडेपाचला बोलावलं.