कुरुणेगलच्या गावात श्रमदान: श्रीलंकेतले चार दिवस

मेत्ता (मैत्री), करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या सुखातला आनंद), उपेक्खा (समभाव) हे पाली शब्द घरच्या वंदनेत लहानपणापासून ऐकत आले. ते घमेल्यात भरून हातोहात पुढे देता येतात, हे मात्र यंदा फेब्रुवारीत श्रीलंकेत कळलं.

मुंबई-कोलंबो थेट विमान आहे, अडीच तासांचं. व्हिसाचं काम निघण्याआधी ऑनलाइन उरकून घ्या. कोलंबो फोर्टहून समुद्राच्या कडेने धावणारी लोकल मोरातुवाला नेते. सर्वोदय श्रमदान चळवळीचं मुख्यालय तिथेच आहे. मी पोचले ती नेमकी पौर्णिमा. तिथे दर पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सरकारी सुट्टी असते. एक अख्खा दिवस गेला, तेव्हा तारखा ठरवताना पंचांग बघा.

चळवळीची सुरुवात डिसेंबर १९५८ची. कोलंबोच्या नालंदा कॉलेजातले विज्ञानाचे शिक्षक ए. टी. अरियरत्ने विद्यार्थ्यांना घेऊन कुरुणेगल जिल्ह्यातल्या कनतोलुवात राहायला गेले. ही वस्ती रोडियांची, म्हणजे ज्यांना इतर गावं शिवून घेत नसत त्यांची. बौद्ध देशातही वेस होतीच. मुलं तिथे राहिली, त्या लोकांसोबत राबली. माझ्यासारख्या आंबेडकरी घरातल्या मुलीला सगळ्या इतिहासातलं हेच पान सगळ्यात मोलाचं वाटतं. सर्वोदय हा शब्द गांधीजींचा. अरियरत्ने विनोबांनाही मानत. पण इथे कामाचा पाया धम्माचा आहे. गावाची दैना हे दुःख, आपसातली भांडणं आणि हाव हे त्याचं कारण, मग निरोध म्हणजे दुःखाचा अंत, आणि त्याचा मार्ग, अशी चार आर्यसत्यं गावापुढे मांडली जातात. मार्गात विहीर, बालवाडी, बचत हे सगळं येतं.

मी गेले ते गाव कुरुणेगलकडचंच. काम होतं शेताकडच्या पायवाटेचा रस्ता करण्याचं. सकाळी झाडाखाली चटया पसरल्या, पंचशील झालं. पाली शब्द आमचेच, चाल निराळी. मी आपोआप म्हणू लागले तशी शेजारच्या आजीने माझा हात धरला. थोडा वेळ मैत्रीचं ध्यान, मग बोलणं. कोणाला ‘साहेब’ म्हणायचं नाही. मोठा तो अय्या, मोठी ती अक्का, धाकटे मल्ली आणि नंगी. प्रियवचन म्हणतात ते हे! ‘अक्का’ हा तर आपलाही शब्द, त्याने मला घरातच आणून बसवलं.

रस्ता आखणीत एकाचं फणसाचं झाड येत होतं. तो हटेना. बराच वेळ चर्चा चालली, पण आवाज कुणाचाच चढला नाही. शेवटी रस्ता झाडाला वळसा घालून गेला. दुपारी तोच माणूस किटली घेऊन आला. कोरा चहा आणि सोबत ताडगुळासारख्या कितुल गुळाचा खडा. सरळ रस्ता झाला असता तर हा चहा मिळाला नसता, असं तिथली एक अक्का म्हणाली. उपेक्खेचा इतका सोपा अर्थ मला कुणी सांगितला नव्हता.

जाणाऱ्यांसाठी: आधी पत्रव्यवहार करा, थेट गावात धडकू नका. डिसेंबर ते मार्च हवा बरी असते. टोपी, जाड हातमोजे आणि पाण्याची बाटली न्या. घमेलं हातात आलं की पहिल्या तासातच तळवे सोलतात. जेवण एकत्र रांधतात: भात, परिप्पू म्हणजे डाळ, खोबऱ्याचा झणझणीत सांबोल. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. विहारात खांदे-गुडघे झाकलेले हवेत, टोपी-चपला बाहेर. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथे तो मोठा अपमान समजतात. पैसे द्यायचे असतील तर कार्यालयात पावती घेऊन द्या, मुलांच्या हातात नाही. सिंहली येत नसलं तरी ‘बोहोम स्तुती’ पाठ करा, म्हणजे ‘खूप आभार’.

आणि एक दिवस जास्तीचा ठेवा. शेवटच्या संध्याकाळी सगळी मंडळी रस्त्यावरून एकदा चालत जातात. माझी परतीची गाडी दुपारचीच होती.