इस्तंबूलमधले साडेतीन तास

धाकट्या लेकीकडे जर्मनीला जाण्यासाठी २०२४च्या मे महिन्यात आम्ही दोघे निघालो, तेव्हा मुंबईहून इस्तंबूलमार्गे जाणारे तिकीट सर्वांत परवडणारे निघाले. त्या प्रवासात इस्तंबूलच्या विमानतळावर साडेदहा तासांचा थांबा होता. धुळ्यात ज्यांनी तिकीट काढून दिले, त्यांनी तो थांबा एखादे व्यंग सांगावे तसा आवाज खाली आणून सांगितला आणि ‘बसायची सोय चांगली आहे, बसून राहा’ असा सल्लाही दिला. मला मात्र तिकिटापेक्षा तो थांबाच अधिक मोलाचा वाटला. पाटबंधारे खात्यात उभी नोकरी काढलेल्या माणसाला इस्तंबूल म्हटले की मशिदी आणि राजवाड्यांच्या आधी तिथला जलसेतू, म्हणजे कमानींवरून पाणी वाहून नेणारा पाट, आठवतो. त्या जलसेतूचे एक धूसर कृष्णधवल चित्र मी पदविकेच्या वर्गात असताना पाहिले होते.

युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा शेंगेन व्हिसा पासपोर्टवर असला की भारतीय प्रवाशाला तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या काढता येतो, हे लेकीने शोधून काढले आणि तो काढूनही दिला. नुसत्या थांब्याच्या आधारावर विमानतळाबाहेर पाऊल टाकता येत नाही. तेवढी तयारी घरूनच करून जावे लागते.

दुसरी तयारी वेळेच्या हिशेबाची होती. साडेदहा तास ऐकायला पुष्कळ वाटतात. पण विमानातून उतरून पासपोर्ट तपासणीची रांग संपेपर्यंत सव्वा तास, हातातली मोठी पिशवी सामानघरात ठेवायला थोडा वेळ, शहरात पोहोचायला सव्वा तास, परतायला तेवढाच आणि पुढच्या विमानाच्या अडीच तास आधी पुन्हा आत, असे वजा करत गेले की हाती जेमतेम साडेतीन तास उरतात. एवढ्या वेळात सगळे शहर पाहायला निघणारा माणूस रस्तेच पाहून परततो. म्हणून मी एकच गोष्ट पाहायची ठरवली : या शहराने पाणी कसे आणले, कुठे साठवले आणि लोकांना कसे पाजले. सौभाग्यवतींना हे सांगितल्यावर त्या आमच्या घरच्या अहिराणीत म्हणाल्या, “पानी देखाले इतला लांब जावानं का?” त्यांचा प्रश्न रास्त होता. धुळ्याच्या पांझरा नदीकाठी वाढलेल्या माणसाला पाण्याची नवलाई ती काय असणार!

विमानतळ शहराच्या उत्तरेला, काळ्या समुद्राच्या बाजूला बराच दूर आहे. तिथून मेट्रोने गायरेत्तेपेला आलो, एका लांबलचक भुयारी वाटेने दुसऱ्या मार्गिकेवर गेलो आणि वेझनेजिलर स्थानकावर उतरलो. मधे गोल्डन हॉर्नच्या खाडीवरून गाडी पुलावर येते, तेव्हा दोन्ही अंगांना पाणीच पाणी दिसते, आणि ते सगळे खारे. या शहराची मूळ अडचण नेमकी हीच होती. तिन्ही बाजूंनी समुद्र असल्यामुळे शत्रूला अडवणे सोपे. पण जुन्या तटाच्या आत प्यायला पुरेल अशी मोठी नदी नाही. राजधानी मोठी होत गेली तसे गोडे पाणी दूर पश्चिमेकडच्या थ्रेस प्रदेशाच्या डोंगरांतून आणावे लागले आणि शेकडो किलोमीटरची दगडी जलवाहिन्यांची व्यवस्था उभी राहिली.

स्थानकातून बाहेर पडून शहजादे मशिदीला वळसा घातला आणि जलसेतू समोर आला. तुर्की भाषेत त्याला बोझदोआन केमेरी म्हणतात. रोमन सम्राट वालेन्स याच्या काळात, इ. स. ३७३च्या सुमारास तो पुरा झाला. दोन टेकड्यांच्या मधली दरी ओलांडण्यासाठी कमानींवर कमानी चढवल्या आहेत. आज त्याचा सुमारे ९२० मीटर भाग उभा असून सर्वांत उंच ठिकाणी तो २९ मीटरच्या आसपास भरतो. खालून अतातुर्क बुलेवार हा सहा-आठ पदरी रस्ता जातो. शहर बस कमानीखालून सहज निघून जाते आणि वर साडेसोळाशे वर्षांपूर्वीचा दगड तसाच स्थिर असतो. मी एका खांबाजवळ गेलो आणि हात लावून पाहिला. खालचे दगड मोठे, घडीव, कडा झिजून गोलावलेल्या. वरच्या टप्प्यातले दगड लहान आणि मधेमधे विटांचे थर. एका सांध्यातून अंजिराचे रोपटे बाहेर आले होते. आमच्याकडे जुन्या बंधाऱ्याच्या भिंतीत पिंपळ उगवतो, तसेच ते.

पाहणाऱ्याचे लक्ष कमानींकडे जाते. पण खरे काम वरच्या पाटाच्या उताराचे असते. उतार जास्त झाला तर वेगाने पाट खरवडला जातो, कमी झाला तर गाळ बसतो. दरीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर पाणी नेताना त्या बेताच्या उतारात कुठे खळ पडू द्यायचा नाही, यासाठी हा सगळा डोलारा. आम्ही उंची मोजायचे लेव्हल यंत्र लावून, स्टाफ म्हणजे मापाची पट्टी धरून जे करायचो, ते त्या माणसांनी साध्या साधनांनी केले. पुढे उस्मानी सुलतानांनीही तो दुरुस्त करून वापरला, म्हणजे राज्य बदलले, धर्म बदलला, तरी पाट तोच राहिला. मी तिथे पाऊण तास होतो. एवढ्या वेळात एखादे संग्रहालय पाहून झाले असते, पण मला त्याची हळहळ नाही.

तिथून चालत ट्राम गाठली आणि सुलतानअहमेतला उतरलो. आयासोफ्या आणि निळी मशीद समोरासमोर उभ्या आहेत. त्या बाहेरून डोळे भरून पाहिल्या आणि आम्ही जमिनीखाली उतरलो.

येरेबातान सरनिजी हा सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधवलेला भूमिगत हौद. बावन्न पायऱ्या उतरल्या की उन्हाचा ताव नाहीसा होतो आणि ओल्या दगडाचा गार वास येतो. बारा ओळी, प्रत्येक ओळीत अठ्ठावीस, असे ३३६ खांब. सुमारे १४० मीटर लांबी, ६५ मीटर रुंदी आणि खांबांची उंची नऊ मीटर धरून मी मनात गुणाकार केला, तेव्हा आठ कोटी लिटर पाणी मावेल असे उत्तर आले. आता तळाशी थोडेच पाणी ठेवले आहे आणि २०२२च्या दुरुस्तीनंतर त्यावरून चालण्यासाठी लोखंडी मार्गिका केल्या आहेत. दिव्यांचे रंग सारखे बदलत राहतात. माझ्या मते ते नसते तर बरे झाले असते. त्या जागेला तिचा स्वतःचा काळोख पुरेसा आहे.

खांब एकसारखे नाहीत, कारण ते जुन्या पडक्या इमारतींतून आणून लावलेले आहेत. एका खांबावर अश्रूंसारख्या खुणा कोरल्या आहेत आणि तो कायम ओलसर असतो. टोकाला दोन खांबांच्या बैठकीखाली ग्रीक पुराणकथांतल्या सर्पकेशी मेड्यूसाच्या मस्तकाची शिल्पे आहेत, एक आडवे आणि एक उलटे. माझी नजर मात्र भिंतीवर खिळली. जाड वीटकाम, त्यावर पाणी झिरपू नये म्हणून चुन्यात विटेची पूड मिसळून केलेला गिलावा. तुर्कस्तानात त्याला होरासान म्हणतात. ती आपली सुरखी आहे! सिमेंट येण्याआधी आपल्याकडची पाण्यातली बांधकामे याच चुना-सुरखीवर उभी राहिली. ज्या गिलाव्याचे प्रमाण मी परीक्षेसाठी पाठ केले होते, तो तिथे चौदा-पंधरा शतकांचा होऊन समोर होता.

माझे वडील आमच्या गावात फडाचे पाटकरी होते. पांझरेवर ठिकठिकाणी बंधारे घालून पाटाने पाणी शेतात खेळवण्याची फड पद्धती आमच्या धुळे-साक्री भागात तीन-चारशे वर्षे चालत आली. गावची ओलिताची जमीन फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचे एकच पीक, पाणी सोडायला पाटकरी, पिकाच्या राखणीला जागल्या, आणि ज्या वर्षी नदी आटेल त्या वर्षी कोणते फड पेरायचे याचा निर्णय सर्वांनी मिळून घ्यायचा. वडील रात्री कंदील आणि फावडे घेऊन निघत. शेवटच्या शेताला पाणी पोहोचल्याशिवाय ते घरी परतत नसत. बादशहाच्या त्या हौदात उभा असताना मला हा फरक ठसठशीत जाणवला. हौद बांधायला साम्राज्य लागते. फड चालवायला गावाची एकमेकांवरची भिस्त पुरते. इतिहासाच्या पुस्तकात पहिल्याला जागा मिळते. दुसरे आता आमच्याकडेही फार थोड्या गावांत उरले आहे, आणि त्याचे मला मनापासून दुःख आहे.

परतीची वेळ झाली होती, पण तोपकापी राजवाड्याच्या दाराबाहेरचे सुलतान तिसऱ्या अहमदाचे कारंजे राहिले होते. त्याला कारंजे म्हणायचे, पण ती खरी पाणपोई. १७२८ साली बांधलेली. चौकोनी इमारत, लांब वळचणीचे छप्पर, चारही बाजूंना नळ आणि चारही कोपऱ्यांवर जाळीच्या गोलाकार खिडक्या. त्या जाळीमागे बसलेला माणूस पेले भरून वाटसरूंना फुकट पाणी देत असे. अशा जागेला सेबिल म्हणतात. सौभाग्यवती त्या खिडकीपाशी थांबल्या. जाळीच्या खालच्या कडेला पेला सरकवण्यापुरती जागा आहे, ती त्यांनीच मला दाखवली. वैशाखात त्यांच्या माहेरी वेशीजवळ रांजण भरून ठेवायचे काम लहानपणी त्यांच्याकडे असे.

सव्वापाचला ट्राम धरली. संध्याकाळची गर्दी होती, तरी मेट्रोमुळे सातच्या आत विमानतळावर आलो. सामानघरातून पिशवी सोडवून सौभाग्यवतींनी आधी बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा उघडून पाहिला. एकही मोडली नव्हती. मग आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. तेवढ्यात लेकीचा फोन आला, काय काय पाहिले म्हणून. मी सांगायला लागणार, तोच त्यांनी फोन घेतला आणि चार कोपऱ्यांच्या त्या पाणपोईचे, जाळीचे आणि पेल्याच्या फटीचे वर्णन सुरू केले. दशम्या संपल्या, विमानाची घोषणा झाली, तरी ते वर्णन चालूच होते.