जेलमधल्या बाईवर डॉक्युमेंटरी केली, त्याचा माझा अनुभव

जेलमध्ये कॅमेरा न्यायला परमिशन मिळते का, असं बरेच जण विचारतात. मिळते, पण चपला झिजतात. 2015 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने सगळ्या राज्यांना ॲडव्हायझरी पाठवली, तिहारमधल्या एका कैद्याच्या मुलाखतीवरून गदारोळ झाला होता त्यानंतर, आणि तेव्हापासून डॉक्युमेंटरीवाल्यांना शक्यतो आत सोडायचंच नाही असा सूर आहे. सोडायचं झालंच तर 30 दिवस आधी अर्ज, 1 लाख डिपॉझिट, आणि शूट झालं की कॅमेरा, रेकॉर्डर सगळं 3 दिवस अधीक्षकांकडे जमा. ते बघणार, ऐकणार, मग परत देणार. कॅमेरा भाड्याचा असेल तर ते भाडंही आपल्याच बोकांडी. अर्जात विषय कारागृह सुधारणांशी कसा जोडलेला आहे हे नीट लिहा, त्यावरच सगळं अडतं. बाकी फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरते त्याबद्दल काय बोलायचं, सोडा.

खरी गंमत आत गेल्यावर. ताई न्यायाधीन बंदी, म्हणजे केस अजून चालू, त्यामुळे वकिलांनी आधीच बजावलेलं की गुन्ह्याबद्दल एक अक्षर विचारायचं नाही. शेजारी गार्ड मॅडम बसलेल्या. मी कॉलरमाईक लावत होते तर ताई वायर पदराखाली खोचत हळूच म्हणाल्या, "मॅडम, हे साहेब पण ऐकणार ना?" ऐकणार म्हटलं. झालं, पुढचा सगळा वेळ जेवण चांगलं, मॅडम लोक चांगल्या, काही त्रास नाही, हेच. बोलत माझ्याशी होत्या, पण सांगत साहेबांना होत्या.

मग मी जेलबद्दल विचारणंच बंद केलं आणि मुलाचं विचारलं. आईसोबत मूल 6 वर्षांचं होईपर्यंतच आत राहू शकतं, सुप्रीम कोर्टाचा 2006 चा निकाल आहे, त्यानंतर नातेवाईक नाहीतर बालगृह. त्यांच्या पोराला सहावं लागलेलं. तेव्हा मात्र बाई सुटल्याच, दीर सांभाळेल का, जाऊ विचारेल का, पोराला कुत्रा म्हणजे काय ते फक्त पुस्तकात माहीत, तो रस्त्याला घाबरेल का, आणि हे सगळं बोलताना हाताने त्याच्या शर्टाचं बटण लावणं चालू, लावलेलं काढून परत लावायचं. गार्ड मॅडमपण मध्ये बोलल्या नाहीत. तेवढाच भाग फिल्ममध्ये जवळजवळ सलग ठेवलाय, हात आणि आवाज. पोराचा चेहरा कुठेच नाही.

तपासणीत गेट, कुलपं, भिंतीचे शॉट काढायला लावले. सिक्युरिटीचा प्रश्न आहे, मला पटलं. त्या शॉटशिवाय फिल्म उलट बरी झाली, गजांचे क्लोजअप सगळेच लावतात.

एडिट चालू असताना ताईंना जामीन मिळाला. आतली लेखी संमती फाईलला होती, कायद्याने पुरेशीही असेल, पण आत असलेली बाई नाही म्हणू शकते का हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून छळत होता, म्हणून बाहेर आल्यावर लॅपटॉपवर पूर्ण कट दाखवला आणि नव्याने विचारलं. त्यांनी गावाचं नाव काढायला सांगितलं, आणि "जेवण चांगलं" हे वाक्यसुद्धा. दोन्ही काढलं. आवाज मात्र राहू दे म्हणाल्या. आता साऊंड मिक्स तेवढं बाकी आहे.